दाताचा दवाखाना आणि कोयत्याचं वर्ष

आज आपण दाताच्या दवाखान्याविषयी बोलू. दवाखाना नीट चालायचा तर डॉक्टरांना कशाकशाचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्यात आपण काय मागू शकतो, ते बघू.

आपल्या बचत गटाचंच घ्या. आज किती रुपये जमले, एवढ्यावर गट चालत नाही. पेरणीला कर्ज कोणाला लागेल, हप्ता कधी थकेल, हे आधीच धरावं लागतं. दवाखान्याचंही तसंच. डॉक्टर दिवसभर एकेका दातावर वाकून काम करतात. पण समोरच्या बाईचं वर्ष कसं जातं हे विचारलं नाही, तर चांगलं कामही अर्धवट राहतं.

आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांचं वर्ष कोयत्यावर चालतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडला की साधारण मार्च-एप्रिलात परततात. आता रूट कॅनालचं बघा. किडलेल्या दाताची नस काढायची, आतून साफ करायचं, औषध भरायचं, मग कॅप बसवायची. त्याला बहुधा दोन-तीन खेपा लागतात. पहिली खेप झाली आणि टोळी निघाली, तर वर भरलेलं कच्चं सिमेंट फडावर निघून जातं. जंतू परत आत शिरतात, गाल सुजतो, खाडा पडतो. पुढे तो दात काढायचीही वेळ येते. पैसाही गेला, दातही गेला.

म्हणून आपल्याकडच्या दवाखान्याने एवढं करावं.

1. पहिल्याच खेपेला सगळं तोंड तपासावं. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, खेपा किती, एकूण खर्च किती, हे कागदावर लिहून द्यावं.

2. ‘गाव कधी सोडणार?’ हे विचारावं. मोठी कामं उन्हाळा-पावसाळ्यात घ्यावीत. जायच्या आधीचा महिना हातातली कामं पुरी करायला ठेवावा.

3. मिश्री, तंबाखू, साखरेचा आजार, गरोदरपण यांची नोंद ठेवावी. साखर वाढलेली असली तर हिरड्यांचं दुखणं लवकर बरं होत नाही.

4. गर्दी कितीही असो, प्रत्येक पेशंटला ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केलेली हत्यारंच वापरावीत. त्यासाठी हत्यारांचे जादा संच लागतात. तो खर्च आधीच धरलेला असावा.

5. लेकरांचे दात दुखायच्या आधी बघावेत. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ कायमची असते. दुधाची समजून ती किडू देऊ नये.

यात डॉक्टरांचाही फायदा आहे. काम पुरं झालं तर पेशंट टिकतो, आणि गावातून चार जणी आणखी येतात.

मग आपण काय करायचं? पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर नावं लिहा: कोणाचा दात दुखतो, कोणाचं काम अर्धवट आहे, कोण कधी जाणार आहे. ते पान घेऊन दोघी-तिघींनी दवाखान्यात जा आणि तारखा ठरवून या. दसऱ्याच्या आधी.