हजार वाटांची गोष्ट

गोष्ट सांगणाऱ्या आजीला तुम्ही मध्येच अडवून म्हणालात, "नाही, राजपुत्र डावीकडे गेला," तर ती काय करील? एक तर दटावील, नाहीतर हसून म्हणेल, "बरं बाबा, डावीकडे गेला," आणि तिथल्या तिथे डावीकडे एक विहीर नि विहिरीत एक राक्षस निर्माण करील. संगणकावर खेळायच्या अद्भुत साहसाच्या खेळात मात्र ऐकणारा स्वतःच राजपुत्र असतो. तो डावीकडे वळला की डावीकडची विहीर आधीपासून खणून तयार असावी लागते. ती कोणी, कधी आणि कशी खणायची, हाच आजचा आपला विषय.

या खेळांना आपण 'भूमिका-खेळ' म्हणू. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, आणि त्याने केलेल्या निवडींप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. संगणकावर येण्यापूर्वी हा खेळ कागद-पेन्सिल आणि फाशांनी खेळला जाई. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे भूमिका घेतात. सूत्रधार माणूस असल्यामुळे तो आजीप्रमाणेच आयत्या वेळी काहीही रचू शकतो. संगणकाचे तसे नाही. जे लिहून ठेवले आहे तेच तो दाखवणार. (आयत्या वेळी मजकूर रचणारे संगणकही आता निघाले आहेत. पण एका प्रसंगात त्यांनी उभारलेला पूल पाच प्रसंगांनंतरही तिथेच असेल, याची खात्री शेवटी माणसालाच करावी लागते.)

विल क्राउथर हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ हौशी गुहासंशोधकही होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहातील काही भागाच्या मोजणीत त्यांनी भाग घेतला होता. त्या खऱ्या गुहेच्या आधाराने त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास संगणकावरचा एक शब्दखेळ रचला आणि डॉन वूड्स यांनी १९७७ साली त्यात बरीच भर घातली. चित्र एकही नव्हते. नुसती वाक्ये आणि खेळणाऱ्याने टंकलेले एकदोन शब्द. तरीही साहसी खेळांचे सारे घराणे त्या गुहेतून बाहेर आले असे म्हणता येईल. यात आपल्या उपयोगाचे हे, की अद्भुत गोष्टीची जमीन खरी असली तरी चालते. किंबहुना खरी असली तर बरेच. डोंगर कुठे नि नदी कुठे, याची निम्मी उत्तरे आयती मिळतात.

तेव्हा आपण आपली जमीन जालना जिल्ह्यातच निवडू. भोकरदन तुम्हाला ठाऊक आहे. केळणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन 'भोगवर्धन'. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरीचे नाव येते. येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. भोकरदनला सापडलेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी फार मिळतीजुळती आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच भारतातील हस्तिदंती मूर्ती समुद्र ओलांडून रोमन घरात पोचली होती. आणखी कोणती अद्भुत कथा हवी?

समजा, तुम्ही भोगवर्धनातील एका हस्तिदंत-कारागिराचे शिष्य आहात. गुरूंनी कोरलेल्या मूर्ती रात्री बोलतात. एका मूर्तीचा आवाज मात्र केळणेच्या डोहातील आसरांनी पळवला आहे. तांडा निघण्यापूर्वी तो परत आणायचा. झाली गोष्ट सुरू!

आता कागद घ्या. पहिला प्रसंग म्हणजे एक ठिपका. तिथे दोन निवडी: गुरूंना खरे सांगायचे, की लपवायचे? दोन बाण, दोन नवे ठिपके. प्रत्येकातून पुन्हा दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. दहा निवडी होईपर्यंत शेवटच्या ओळीत १,०२४ ठिपके येतात, आणि वरपासूनचे सारे मोजले तर २,०४७ प्रसंग लिहावे लागतात. एक खेळणारा एका खेपेला त्यांतले फक्त ११ पाहणार. म्हणजे दर दोनशे प्रसंगांतला जेमतेम एक त्याच्या वाट्याला येणार. शाई वाया, दिवस वाया! आणि दहा निवडी म्हणजे काही फार नव्हेत; अर्ध्या तासाच्या खेळात तेवढ्या होऊन जातात.

यावर उपाय नदीनेच दाखवला आहे. पात्रात बेट आले की नदी दोन धारांत फुटते आणि पुढे पुन्हा एक होते. गोष्टही तशीच फोडा आणि मिळवा. गुरूंना सांगा वा लपवा, दोन्ही वाटा रात्री नदीकाठीच येऊन मिळतात. आता प्रत्येक निवडीला दोन फाट्यांचे प्रसंग आणि एक संगमाचा, असे तीनच लागतात. दहा निवडींचे ३० आणि सुरुवातीचा १, म्हणजे ३१. कुठे २,०४७ आणि कुठे ३१!

पण तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील, की मग निवडीला अर्थ काय उरला? शेवट एकच असेल तर ती फसवणूकच झाली. ही शंका अगदी रास्त आहे, आणि पुष्कळ खेळ नेमके इथेच नापास होतात. याला तोड म्हणजे खुणा. खेळणारा गुरूंशी खोटे बोलला, की संगणक एका घरात ० च्या जागी १ लिहून ठेवतो. अशा दहा घरांत १,०२४ प्रकारचे पूर्वचरित्र मावते, आणि त्यासाठी एकही जादा प्रसंग लिहावा लागत नाही. मग नेमक्या ठिकाणी ती खूण वाचायची. डोहाशी पोचल्यावर आसरा म्हणतात, "तू गुरूशी खोटं बोललास; तुझा शब्द आम्ही का मानावा?" एवढ्या एका वाक्याने खेळणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तो ते केव्हाच विसरलेला असतो ना!

आता खरी डोकेदुखी. डोह पैलतीरावर आहे. नावाडी म्हणतो, "श्रेष्ठींची मुद्रा दाखवा, मग नेतो." श्रेष्ठी म्हणतात, "वेताळाचा कौल आणा, मग मुद्रा देतो." आणि वेताळाचे ठाणे पैलतीरावर! कशासाठी काय हवे याचे बाण काढून पाहा: नावेकडून मुद्रेकडे, मुद्रेकडून कौलाकडे, कौलाकडून पुन्हा नावेकडे. बाण फिरून आले तिथेच आले, की खेळ कुलूपबंद झाला. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या तीन निर्दोष प्रसंगांतून असे वर्तुळ तयार होते. एकेक प्रसंग वाचून ते दिसत नाही. बाण काढले तरच दिसते.

वर्तुळ कुठेतरी तोडायला हवे. केळणा ओलांडायची दुसरी वाट हवी. आणि ती याच नदीवर, खरोखरच्या इतिहासात सापडते.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, असई गावाजवळ, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा होत्या. नदीच्या दक्षिणेला आर्थर वेलस्ली, त्यांच्या मानाने फारच लहान सैन्यानिशी. समोरचा उतार मराठी तोफांच्या माऱ्यात. वाटाडे सांगत होते की दुसरा उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर, जवळजवळ समोरासमोर, दोन गावे दिसली. इंग्रजी पुस्तकांत ती पीपलगाव आणि वरूर अशी लिहिलेली आढळतात. समोरासमोर दोन गावे वसली आहेत, तर त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि सैन्य तिकडे वळवले. उतार होता! लढाई तेवढ्याने संपली नाही. शिंद्यांच्या कवायती पायदळावरील पोलमन या जर्मन अधिकाऱ्याने आपली सारी फळी फिरवून नव्या दिशेला तोंड केले. अखेर वेलस्ली जिंकला. पण त्याच्या बाजूचीच दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. तर्क चुकला असता तर मागे जाऊन पुन्हा डाव मांडण्याची सोय तिथे नव्हती.

कोडे कसे असावे, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा ठाऊक नाही. उत्तर डोळ्यांसमोर होते, फक्त कोणी सांगितले नव्हते. आपल्या खेळात हेच करा. कौल मिळवायला नावच हवी असे नाही. उतार शोधला तरी चालेल. पण सगळ्यांनाच तो पहिल्या झटक्यात कसा सापडणार? म्हणून एकाच उत्तराच्या निदान तीन खुणा वेगवेगळ्या ठिकाणी पेरा. समोरासमोरची दोन गावे ही एक. पैलतीरावरून आलेल्या म्हशींचे पाय गुडघ्यापर्यंतच ओले आहेत, ही दुसरी. आणि पलीकडच्या गावाला निघालेले वऱ्हाड नावेकडे न जाता भलतीकडेच वळते, ही तिसरी. कोणतीही एक कळली तरी काम झाले. कोणी पोलमनसारखा शत्रू असेल, तर खेळणारा उताराने आला की त्याने फळी फिरवावी हेही लिहून ठेवा, नाहीतर ते जग मातीच्या चित्रांसारखे वाटते.

असले खेळ आपल्याकडे कोण करतो, असे विचाराल तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर विक्रीस आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा आहे, आणि ती दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितली जाते. तो साहसी खेळ आहे. आपल्या अर्थाने भूमिका-खेळ नव्हे. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली होती आणि ती पुरेशी जमली नव्हती. तरी खेळ पुरा झाला. अशा लहान चमूला २,०४७ आणि ३१ यांतला फरक किती महागात पडतो, हे निराळे सांगायला नको.

आता एक तपासणी, जी तुम्ही वर्गातल्या फळ्यावर करू शकाल. सात प्रसंग घ्या: क, ख, ग, घ, च, छ आणि ज. सुरुवात क, शेवट ज. बाण असे: क पासून ख आणि ग, ख पासून घ, ग पासून घ आणि च, घ पासून छ आणि ज, च पासून छ, छ पासून च. प्रत्येक प्रसंगातून पुढे जायला वाट आहे, म्हणून वरवर पाहता सारे ठीक वाटते. आता शेवटापासून उलटे चाला. ज भोवती खडूने गोल काढा. ज कडे ज्यांचे बाण येतात त्यांच्याभोवती गोल काढा. मग त्यांच्याकडे ज्यांचे बाण येतात त्यांच्याभोवती. नवा गोल निघेनासा होईपर्यंत हेच करा. घ ला गोल मिळेल, मग ख आणि ग ला, मग क ला. च आणि छ कोरेच राहतील. तिथे शिरलेला खेळणारा च कडून छ कडे नि छ कडून च कडे चालत राहतो, आणि आपण पुढे जात आहोत असे त्याला वाटत असते! खरा खेळ तपासताना जवळच्या वस्तूही ठिपक्यात धराव्या लागतात: 'बाजारात, कोरणी असताना' हा एक ठिपका, आणि 'बाजारात, कोरणी विकून टाकल्यावर' हा दुसरा. ठिपके हजारोंनी वाढले की हे उलटे चालण्याचे काम संगणकावरच सोपवतात, पण रीत हीच.

वरच्या आकृतीत छ पासून घ कडे एकच बाण काढून पाहा, आणि पुन्हा ज पासून खडू फिरवा.