मार्चची उजळणी: दहावीची पन्नास वर्षं

नगर-सोलापूर रस्त्यावरचं मिरजगाव कर्जत तालुक्यात येतं, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात. तिथे दहावीची उजळणी आणि ज्वारीची काढणी एकाच वेळी अंगावर येतात. शाळू पिवळा पडला की घरात माणूस कमी पडतं, आणि नेमकं तेव्हाच हॉल तिकीट हातात आलेलं असतं. 'शेवटच्या महिन्यात रोज दहा तास अभ्यास करा' हा सल्ला इथे कधी लागू पडलाच नाही. पहाटे उठून दोन तास पुस्तक, मग रान, मग दुपारी डोळा लागेस्तोवर पुन्हा पुस्तक. परीक्षेच्या नावावर रानातून सुट्टी मिळायची ती बहुतेक मुलांना. मुलींना काढणी चुकली तरी भाकरी थापणं चुकत नसे.

महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी एसएससी अकरावीला असे. तेव्हापासून २०२५पर्यंत पन्नास वर्षं झाली. या काळात पोरं अमुक पद्धतीनं अभ्यास का करत होती, हे पाहायचं तर पोरांकडे पाहून उपयोग नाही, प्रश्नपत्रिकेकडे पाहावं. जसा पेपर, तशी उजळणी.

सुरुवातीची कित्येक वर्षं पेपर म्हणजे 'कारणे द्या', 'टिपा लिहा' आणि 'जोड्या लावा'. प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायातूनच उचललेले असत, म्हणून घोकंपट्टी हा अगदी व्यवहारी मार्ग होता. तिला नावं ठेवणाऱ्यांनी तेव्हाची भूमिती आठवावी. पायथागोरसचं प्रमेय, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, कोनदुभाजकाचं प्रमेय: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमानं चारदा कोऱ्या कागदावर उतरवलं की ते हातात बसायचं. सिद्धता मध्येच अडली तरी स्वच्छ आकृती, पक्ष आणि साध्य यांचे गुण पदरात पडत. कच्च्या विद्यार्थ्याला पस्तीसच्या काठाला लावण्यात या अर्ध्यामुर्ध्या प्रमेयांचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

ग्रामीण शाळांची त्या काळातली खरी युक्ती रात्रअभ्यासाची. परीक्षा जवळ आली की पोरं अंथरूण-पांघरूण आणि डबा घेऊन शाळेतच मुक्कामाला येत. शिक्षक आळीपाळीनं थांबत, पहाटे पोरांना उठवत. घरी एकच खोली, एकच दिवा, त्यात गुरांचं पाहायचं. शाळेत निदान बसायला जागा आणि विचारायला माणूस होता. २००५नंतर काही वर्षं भारनियमनानं खेड्यांची संध्याकाळच खाऊन टाकली, तेव्हा कंदील पुन्हा माळ्यावरून खाली आले.

मधल्या काळात गाईड आणि अपेक्षित यांचं राज्य आलं. नवनीतचं 'एकवीस अपेक्षित' ज्यानं चाळलं नाही असा दहावीचा विद्यार्थी शोधावा लागेल. एका गावात थोरल्या भावाची प्रत धाकट्याकडे आणि तिथून शेजारी जाई. त्याचा मोठा गुण असा की पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवण्याची सवय त्यानं खेड्यापर्यंत नेली. दोष असा की बरेच जण तो सोडवत नसत, उत्तरांसकट वाचून काढत.

या दोन गोष्टींत फरक किती, ते रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये दाखवलं. मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. पण आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना मागे टाकून गेले. केंद्राबाहेरच्या झाडाखाली पुस्तकात डोकं खुपसून बसणाऱ्या पोरांना म्हणूनच हसू नये. पाच मिनिटांपुरता त्यांचा हिशेब बरोबर असतो.

२०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'बेस्ट फाइव्ह'वर शिक्कामोर्तब केलं आणि उजळणीचं गणित बदललं. टक्केवारीत सर्वांत कमी गुणांचा विषय धरला जाणार नाही म्हटल्यावर शेवटच्या आठवड्यात नावडता विषय पासापुरता ठेवून बाकी जोर इतरांवर लावणं सुरू झालं. शिक्षकांना ते रुचलं नाही. पोरांच्या बाजूनं पाहिलं तर वेळ कमी असलेल्या माणसानं दुसरं काय करावं?

मोठा दणका २०१९चा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत वीस गुण काढून घेतले गेले, पुस्तकं नवी, भाषेच्या पेपरची कृतिपत्रिका झालेली. उतारा न पाहिलेला, प्रश्न आकृतीतले, मत तुमचं: पाठ करायचं काय? निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. मला त्या ७७ टक्क्यांचं वाईट वाटतं, पण तोच आकडा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

पुढे करोना. २०२०च्या मार्चमधला भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीनं मिळाले; नकाशे भरून ठेवलेल्यांची मेहनत तशीच राहिली. २०२१मध्ये परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५ टक्के. २०२२मध्ये अभ्यासक्रम पाऊण, ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा आणि केंद्र आपल्याच शाळेत. त्या जादा वेळेची गरज खरी होती, कारण दोन वर्षं मोबाइलवर शिकून हाताची लिहिण्याची सवय गेली होती. २०२३पासून पेपर आधी वाचायला मिळणारी दहा मिनिटं बंद झाली आणि ती शेवटी जोडली गेली. प्रश्न निवडण्याचा शांत वेळ गेला, त्याची भरपाई पुरवणी भरण्यात होत नाही.

२०२५मध्ये दहावी २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. निकाल लवकर लागला, पुरवणी परीक्षाही लवकर झाली, हे चांगलंच. पण पूर्वपरीक्षा आणि बोर्ड यांच्यामधला, ज्याला सगळे 'शेवटचा महिना' म्हणत, तो काळ त्यात आक्रसला. ज्वारीच्या पट्ट्यातल्या शाळांना आता सराव पेपर डिसेंबरमध्येच सुरू करावे लागतील, आणि तेव्हा तर उसाच्या फडावर गेलेली काही पोरं गावातच नसतात.