जुनं नाणं घेताय? आधी विचारा, "आलं कुठून?"

"सर, शेतात जुनं नाणं सापडलं, लाखात जाईल का?" यवतमाळात हा प्रश्न दुकानदाराला नवा नाही. आज त्याचाच हिशोब मांडू.

१. जुनं म्हणजे महाग नव्हे

सुमारे २,१०० वर्षांपूर्वी ज्यू राजा अलेक्झांडर यानाय याने जेरुसलेममध्ये छोटी काशाची नाणी पाडली. बायबलच्या काळातलं नाणं म्हणून जगभर लोक ती जमवतात. पण ती इतकी निघाली आहेत, की झिजलेला नग आजही स्वस्तात मिळतो. भाव ठरतो तीन गोष्टींवर: नग किती शिल्लक आहेत, अक्षरं वाचता येतात का आणि माल आला कुठून.

२. शेजारचं उदाहरण

वाशिम जिल्ह्यातलं तऱ्हाळा. १९३९ मध्ये तिथे सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. धातू पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिशाचं मिश्रण. मोडीच्या भावात काय आलं असतं? पण वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक सातकर्णी असे राजे समोर आले. हीच नाणी दहा गिऱ्हाइकांत वाटली गेली असती, तर ही नावं कदाचित कायमची गेली असती.

३. कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवला तर आपला हक्क जातो, वर शिक्षा होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी विकण्याचा धंदा करायचा तर १९७२ च्या कायद्याखाली परवाना लागतो. ती परदेशात पाठवता येत नाहीत.

४. संग्रह करायचाय? मग हे पाळा

- परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, पक्कं बिल मागा.
- नाणं चिंच-लिंबाने घासू नका. हिरवट थर गेला की किंमतही जाते.
- "आधी फी भरा, मग नाणं लाखात घेतो" असा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय, आम्ही असा व्यवहार करत नाही.

आपण दुकानात बिलाशिवाय माल भरत नाही ना? मग दोन हजार वर्षांच्या मालाला वेगळा नियम कशाला? पुढच्या वेळी कोणी शेतातलं नाणं घेऊन आलं, तर भाव सांगण्याआधी त्याला जिल्हाधिकारी कार्यालयाची वाट दाखवा.