सळईचे दोन तुकडे आणि चौसष्ट अक्षरं

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले. ११४ जणांचा जीव गेला. मूळ आराखड्यात दोन्ही पूल छतातून आलेल्या अखंड सळयांवर होते. प्रत्यक्षात सळयांचे दोन तुकडे झाले: वरचा पूल छताला, खालचा वरच्या पुलाला. एकाच दोराला दोघांनी लटकण्याऐवजी दुसऱ्यानं पहिल्याचे पाय धरावेत, तसं. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. या बदलाला फोनवर मंजुरी घेतली होती, असं पोलादकाम करणारे म्हणाले. असा फोन आलाच नाही, असं अभियंते म्हणाले.

आज अनेक प्रकल्पांत इमारतीच्या भिंती, तुळया, नळ, वायरिंग सगळं ‘बीआयएम’ या त्रिमितीय मॉडेलमध्ये असतं आणि ते आर्किटेक्ट, इंजिनिअर, कंत्राटदार यांच्यात सतत फिरतं. तरीही आपण सोडवलेला अवघड जोड दुसऱ्याला द्यायला माणसं कचरतात. समोरचा तो स्वतःच्या नावावर खपवेल, किंवा काहीतरी फिरवेल आणि दोष आपल्यावर येईल, ही भीती रास्तच आहे.

इथे गणित मदतीला येतं. एसएचए-२५६ या प्रक्रियेत कितीही मोठी फाइल घाला, बाहेर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते: हॅश. एक खांब मिलिमीटरभर सरकवला तरी ओळ पार बदलते. ओळीवरून आराखडा मात्र उलगडत नाही. म्हणजे आराखडा तेव्हा कुणालाही न दाखवता नुसता हॅश जाहीर केला, तरी तो अमुक तारखेला अस्तित्वात होता, हे पुढे सिद्ध करता येतं! मला यातलं सगळ्यांत अद्भुत हेच वाटतं. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये ही वाट दाखवली. १९९५ पासून असे हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागले. घरोघरी पोचलेला अंक मागाहून कोण बदलणार?

ब्लॉकचेनमध्ये हीच साक्ष अनेक संगणक देतात. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्याचा हॅश असतो, त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलली की पुढची साखळी जुळत नाही. मग जोड खुशाल सगळ्यांना द्यावा. प्रत्येक बदल असा नोंदला, तर कुणी काय कधी फिरवलं, हे डिजिटल सहीनिशी राहतं. चुकीची सळई नोंदवली तर मात्र ती चुकीचीच राहते. भार मोजणं इंजिनिअरचंच काम.

हॅश काढायची सोय तुमच्या संगणकात बहुधा आहेच. एखाद्या नकाशाच्या फाइलचा हॅश काढा, एक रेष हलवून फाइल सेव्ह करा, आणि पुन्हा काढून बघा.