बिऱ्हाड पाठीवर

एचपी कंपनीने २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'झेड व्हीआर बॅकपॅक' या नावाने जाहीर केलेले यंत्र मेजावर असताना त्याच्याकडे कुणी वळूनही पाहू नये, इतके ते साधे दिसते. एक जाड काळी पेटी, ती खोचून ठेवण्याकरिता एक बैठक आणि त्या बैठकीला जोडलेले पडदा, कळफलक व माउस. कचेरीतल्या कोणत्याही संगणकाने करावीत ती कामे ते निमूटपणे करीत असते. मात्र हीच पेटी बैठकीतून उचलून पट्ट्यांच्या सांगाड्यावर चढवली, खांद्यांवरचे व छातीवरचे पट्टे आवळले, कमरपट्ट्याच्या दोन्ही अंगांना एकेक बॅटरी अडकवली आणि पेटीतून निघालेली आखूड तार मानेमागून वर नेऊन डोळ्यांवरच्या हेडसेटला जोडली, म्हणजे साडेचार किलोंहून किंचित जड असा हा सारा जामानिमा अंगावर घेऊन मनुष्य आभासी जगात मोकळा हिंडू लागतो. विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या संगणकांची बाजारातली भरभराट जेमतेम पाच-सहा वर्षे टिकली. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी एका अवघड पेचातून वाट काढली, आणि ती वाट काढताना अभियंत्यांनी जे हिशेब मांडले, ते यंत्राहून अधिक काळ ध्यानात राहण्याजोगे आहेत.

पेच असा होता. ऑक्युलसचा 'रिफ्ट' हा हेडसेट २०१६ च्या मार्चअखेरीस आणि एचटीसीचा 'व्हाइव्ह' त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी ग्राहकांच्या हाती पडला. यांपैकी 'व्हाइव्ह'ची विशेष बाब अशी की, खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंचावर बसवलेल्या दोन लहान पेट्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे झोत खोलीभर फिरवीत असत, त्या झोतांच्या वेळेवरून खेळाडूचे डोके आणि हात कोठे आहेत याचा अचूक ठाव लागे, आणि त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचेक मीटर भरणाऱ्या जागेत त्याला उठण्याबसण्याची, वाकण्याची व चालण्याची मुभा मिळत असे. मुभा मिळाली खरी, पण तिला तारेची वेसण होती. हेडसेटमधून निघालेली तार मागे लोळत संगणकापर्यंत गेलेली असे; डोळे झाकलेला खेळाडू स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घेई, तोच ती त्याच्या पायांना वेढा घालू लागे, आणि प्रदर्शनांतून तर तार उचलून धरण्यासाठी एक माणूस खेळाडूच्या मागे मागे हिंडविण्याचा प्रघातच पडला होता. राक्षसांशी लढणाऱ्या वीराच्या पाठीशी असा तारवाहक उभा असलेला पाहून वीररसाचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तार काढून टाकावी, इतका सरळ उपाय त्या वेळी का सुचला नाही, असे विचारणाऱ्याने थोडे गणित करून पाहावे. 'व्हाइव्ह'च्या दोन्ही डोळ्यांसमोरचे चित्र मिळून २१६० गुणिले १२०० बिंदूंचे होते आणि ते सेकंदाला ९० वेळा नव्याने रेखाटावे लागे. म्हणजे दर सेकंदाला २३ कोटींहून अधिक बिंदू, आणि एकेका चित्रासाठी हाताशी असलेला वेळ अवघा ११ मिलिसेकंदांचा. डोके वळल्यापासून समोरचे चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा अधिक विलंब होता कामा नये, असा या क्षेत्रातला दंडक आहे, कारण तो मोडला की कान आणि डोळे यांच्या साक्षी जुळेनाशा होतात व माणसाला मळमळू लागते. एवढा मजकूर एवढ्या त्वरेने हवेतून पाठविणे घरगुती वायफायच्या आवाक्याबाहेरचे होते. चित्र रेखाटणारे कार्ड मोबाइलमध्ये मावत नव्हते, आणि ते मावेल एवढा संगणक मेजाखालून हलत नव्हता. तेव्हा तार तोडणे अशक्य असेल तर ती आखूड करावी, आणि ती आखूड करण्यासाठी संगणकच खेळाडूच्या पाठीवर चढवावा, असा निर्णय झाला. या निर्णयात प्रतिभेपेक्षा निरुपायाचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि निरुपायाने काढलेल्या तोडग्यांतही एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो, आणि तो मला या यंत्रात पदोपदी आढळतो.

या निरुपायाला पूर्वपरंपराही होती. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी हार्वर्ड येथे डोक्यावर घालावयाचा पहिला त्रिमिती पडदा सिद्ध केला, तेव्हा डोक्याची हालचाल मोजणारी यांत्रिक भुजा थेट छतापासून खाली आलेली होती, आणि माथ्यावर टांगत्या त्या भुजेमुळे सबंध उपकरणाला 'डॅमोक्लिसची तलवार' हे टोपणनाव कायमचे चिकटले. तेथे ओझे छताने पेलले. पुढे १९९७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि त्यांचे सहकारी यांनी 'टूरिंग मशीन' नावाचे साहित्य तयार केले. ते पाठीवर घेऊन आवारात चालणाऱ्यास समोरच्या इमारतींवर त्या त्या विभागांची नावे उमटलेली दिसत. हे साहित्य सुमारे ४० पौंडांचे, म्हणजे अठरा किलोंचे, असल्यामुळे विद्यापीठाची ओळख करून घेण्याचा हा मार्ग धडधाकट प्रकृतीच्या जिज्ञासूंपुरताच खुला राहिला असावा. खेळासाठी असले ओझे वाहण्याचे धाडस मात्र ऑस्ट्रेलियात झाले. ॲडलेडच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठात ब्रूस थॉमस, वेन पिकार्स्की आणि त्यांच्या मंडळींनी २००० साली 'क्वेक' हा प्रसिद्ध गोळीबाराचा खेळ खोलीबाहेर काढला आणि लॅपटॉप, जीपीएस व होकायंत्र पाठीच्या सांगाड्यावर बांधून, हातात खेळण्यातली बंदूक घेऊन, विद्यापीठाच्या खऱ्याखुऱ्या इमारतींच्या आडून निघणाऱ्या राक्षसांशी सामना मांडला. त्या 'एआरक्वेक'चे खेळाडू दिसायला हास्यास्पद दिसत. परंतु सोळा वर्षांनी मोठमोठ्या कंपन्यांनी जे विकायला काढले, त्याचा कच्चा खर्डा याच मंडळींनी उतरवून ठेवला होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात तैपेईच्या 'कॉम्प्युटेक्स' प्रदर्शनाच्या सुमारास या कल्पनेची जणू साथच आली. एमएसआयने पुढे 'व्हीआर वन' नावाने विकले गेलेले यंत्र, झोटॅकने पुढे 'व्हीआर गो' नावाने विकले गेलेले यंत्र आणि एचपीने आपल्या 'ओमेन' मालिकेतला नमुना पुढे केला. या सर्वांत 'व्हीआर वन' मला अधिक विचारपूर्वक घडविलेला वाटतो. त्याचे वजन ३.६ किलो, आणि बॅटऱ्यांचा बंदोबस्त असा की दोहोंपैकी एक काढून तिच्या जागी भरलेली बसविली तरी दुसरीच्या जोरावर खेळ अखंड चालू राहावा. बॅटरी संपत आल्याची सूचना देणारे दिवे पेटीवर असत, पण ते खेळाडूच्या पाठीमागे. तेव्हा ते पाहण्यासाठी आणि बॅटरी बदलण्यासाठी पुन्हा कोणीतरी दुसरा माणूस लागेच. तारवाहकाची चाकरी गेली, ती अशी अंशतः परत आली.

बॅटरीचा हिशेब तर फारच बोलका आहे. मेजावरच्या संगणकात बसणारे 'जीटीएक्स १०७०' कार्ड पूर्ण जोरात चालताना १५० वॉट वीज खाते. पाठीवरच्या यंत्रात त्याच जातीचे, लॅपटॉपकरिता बेताने चालविलेले कार्ड घातले, तरी प्रोसेसरचे ४५ वॉट आणि पंखे, हेडसेट वगैरे किरकोळ खर्च धरून मागणी शंभराच्या बरीच वर जाते. उलट पक्षी, विमानात परवानगीवाचून नेता येणाऱ्या बॅटरीवर १०० वॉट-तासांची कमाल मर्यादा आहे, आणि बाजारात देशोदेशी फिरणारे यंत्र विकायचे तर ही मर्यादा ओलांडण्यात शहाणपण नव्हते. म्हणून शंभराच्या आतल्या दोन बॅटऱ्या, आणि त्यांच्या बेरजेतून निघणारा दीड तासाचा खेळ, असा मेळ एमएसआयने घातला. अधिक वेळ हवा असेल तर अधिक बॅटऱ्या, अधिक बॅटऱ्या म्हणजे अधिक वजन, आणि अधिक वजनाने खेळाडू वेळेआधीच दमणार. दीड तासांनंतर बॅटरी संपते की माणूस, हा प्रश्न अनेक ठिकाणी बरोबरीत सुटत असावा.

उष्णतेचा प्रश्न याहून नाजूक. शंभर-सव्वाशे वॉट वीज खाणारे यंत्र तेवढीच उष्णता बाहेर टाकणार, आणि ते यंत्र तर घामाघूम झालेल्या माणसाच्या पाठीला टेकलेले. 'व्हीआर वन'मध्ये नऊ उष्णतावाहक नळ्या व दोन पंखे योजले होते. एचपीने पेटी आणि पाठ यांच्यामध्ये सांगाड्याने हवेला खेळायला जागा ठेवली. मेजावरच्या संगणकाच्या पंख्याला कधी असला विचार करावा लागला नव्हता. पट्टे कोठे आवळावेत, वाकल्यावर वजन डोक्याकडे घसरू नये म्हणून जड भाग कमरेजवळ कसे आणावेत, तारा कोपराच्या वाटेत येऊ नयेत म्हणून कोणत्या कडेने न्याव्यात, असल्या प्रश्नांनी संगणकाच्या अभियंत्यांना काही काळ शिंप्याच्या आणि खोगीर करणाऱ्याच्या पंक्तीला नेऊन बसविले.

इतके करूनही घरगुती खेळाडूने हे यंत्र फारसे मनावर घेतले नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. जागाच जर खोलीभर, तर मोकळे होऊन जायचे कोठे? आपल्याकडच्या दहा-बाय-बाराच्या खोलीचे सोडा, अमेरिकेतल्या प्रशस्त दिवाणखान्यातही चार पावलांनंतर सोफा येतोच. शिवाय एचपीच्या यंत्राची किंमत ३,२९९ डॉलरपासून पुढे होती. या संगणकाला खरा आश्रय दिला तो गोदामांनी.

मेलबर्नमध्ये 'झिरो लेटन्सी' या मंडळींनी २०१५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ४०० चौरस मीटरचे गोदाम खेळासाठी खुले केले, तेव्हा कोणत्याही मोठ्या कंपनीचा बॅकपॅक विक्रीला आलेला नव्हता. त्यांनी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवण्यासाठी बनविलेला एलियनवेअरचा छोटा 'अल्फा' संगणक बॅटरीसह पाठपिशवीत घातला, छतावर प्लेस्टेशनचे शंभरावर कॅमेरे बसविले, आणि सहा खेळाडूंना एकाच वेळी त्या रिकाम्या गोदामात भूतप्रेतांच्या मागे सोडून दिले. सहा तारांचा गुंता कल्पनेत आणून पाहिला, म्हणजे येथे पाठीवरचा संगणक हौसेचा नव्हे, गरजेचा जिन्नस होता हे पटते. दोघे एकमेकांच्या फार जवळ आले की यंत्रच त्यांना सावध करी. पट्टे बांधायला, सोडायला, बॅटऱ्या बदलायला येथे पगारी माणसे होतीच, आणि ओझे ज्याच्या त्याच्या अंगावर फक्त खेळापुरते.

त्याहून चतुर युक्ती अमेरिकेतल्या यूटामध्ये जन्मलेल्या 'द व्हॉइड' या संस्थेची. तिच्या संस्थापकांपैकी कर्टिस हिकमन हे जादूगार; चालणाऱ्याच्या नकळत त्याची वाट वळवून छोट्या जागेत मोठ्या जागेचा भास उत्पन्न करणे हे त्यांच्या धंद्याला साजेसेच काम होते. १ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील मादाम तुसाँच्या संग्रहालयात त्यांनी 'घोस्टबस्टर्स' या चित्रपटावरचा खेळ सुरू केला. आता त्या चित्रपटातले नायक भुते पकडण्यासाठी पाठीवर अवजड यंत्र बांधूनच हिंडतात. खेळाडूच्या पाठीवरचा संगणक म्हणजे ते यंत्रच होऊन बसले; ज्या ओझ्याबद्दल इतरत्र क्षमा मागावी लागे, ते येथे कथेने अंगावर घातलेला पोशाख ठरले. पाठीवरच्या संगणकाला इतके शोभेल असे दुसरे कथानक शोधूनही सापडले नसते.

उतार मात्र लवकर लागला. टीपीकास्ट या चिनी कंपनीने २०१६ च्या नोव्हेंबरातच 'व्हाइव्ह'साठी ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे बिनतारी साधन जाहीर केले आणि २०१८ च्या सप्टेंबरात दस्तुरखुद्द एचटीसीने इंटेलच्या साह्याने तसेच साधन विक्रीस आणले. या लहरींना मध्ये हात आडवा आला तरी अडथळा होतो. पण एकट्या खेळाडूला तेवढे चालून जाई. मग २१ मे २०१९ रोजी ३९९ डॉलरचा 'ऑक्युलस क्वेस्ट' आला. त्यातले चित्र मेजावरच्या संगणकापुढे फिके होते, तरीही संगणक, बॅटरी आणि कॅमेरे असे सारे ५७१ ग्रॅममध्ये डोळ्यांपुढेच मावल्यामुळे पाठीला कामच उरले नाही. २०२० च्या महासाथीत एकमेकांचे हेडसेट घालणे बंद झाले, 'द व्हॉइड'ला टाळे लागले, आणि 'झिरो लेटन्सी'नेही पुढे बॅकपॅक सोडून 'व्हाइव्ह फोकस ३' हा हेडसेट स्वीकारला.

परंतु बोजा संपला, असे मानण्याची घाई मी करणार नाही. 'क्वेस्ट'चे सारे वजन चेहऱ्यावर येते. ते गालांना आणि नाकाच्या दांडीला जाचते, म्हणून त्याच्या पुढच्या आवृत्तीसाठी डोक्यामागे जादा बॅटरी ठेवून तोल साधणारा पट्टा खुद्द कंपनीनेच विकायला काढला. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲपलचा 'व्हिजन प्रो' आला, तेव्हा त्याची बॅटरी हेडसेटमधून काढून, तारेने जोडून, वापरणाऱ्याच्या खिशात ठेवलेली होती. पाठीवरच्या संगणकाची ज्यांनी थट्टा केली होती, त्यांच्यापैकी कोणी या तारेबद्दल ब्र काढल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

झोटॅकने 'व्हीआर गो' चिकाटीने चौथ्या आवृत्तीपर्यंत नेला. मात्र तीत खेळाडूंसाठीचे कार्ड नाही, एनव्हिडियाचे व्यावसायिक कामाचे 'ए४५००' आहे. मोटारीच्या इंजिनाचा किंवा न बांधलेल्या इमारतीचा कोट्यवधी त्रिकोणांनी रचलेला नमुना चेहऱ्यावरच्या लहान चिपला पेलत नाही, आणि त्या नमुन्यात शिरून, चालून, वाकून पाहणे हे ज्याचे नेमून दिलेले कामच आहे, अशा गिऱ्हाइकाकरिता ही आवृत्ती आहे. खेळाडू हे ओझे पदरचे पैसे मोजून वाहत होता. या गिऱ्हाइकाला ते वाहण्याचा पगार मिळतो, त्यामुळे पट्टे काचतात ही तक्रार त्याच्याकडून सहसा ऐकू येणार नाही.