हिमनदीचं पासबुक

ताईंनो, गटाच्या पासबुकात जमा किती, उचल किती, हे आपण दर महिन्याला बघतो. बर्फाचाही असाच हिशोब ठेवतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ हिमाचल प्रदेशातल्या हिमनद्या मोजतात आणि विद्यार्थ्यांना प्रयोगशाळाही दाखवतात. २०१६ मध्ये त्यांनी स्पितीत 'हिमांश' हे केंद्र सुरू केलं.

हिमनदी म्हणजे डोंगरावर वर्षानुवर्षं साचून दबलेला, हळूहळू खाली सरकणारा बर्फ. हिवाळ्यात पडला तो जमा, उन्हाळ्यात वितळला तो खर्च. मोजायला बर्फात खोल काठ्या रोवतात. पुढच्या खेपेला काठी जेवढी उघडी पडली, तेवढा बर्फ गेला. शास्त्रज्ञ अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मदतीनं ४६६ हिमनद्या तपासल्या. १९६२ पासून त्यांचं क्षेत्र २१ टक्क्यांनी घटलं, असं २००७ मध्ये समोर आलं.

आपल्या वाशिमच्या नद्यांना बर्फाचं पाणी नाही. पाऊस आणि विहीर हीच आपली ठेव. ती कोण मोजतं? किन्हीराजाच्या गटांनी बैठकीच्या दिवशी विहिरीत दोर सोडावा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहावं. रब्बीत गहू झेपेल की हरभराच बरा, हे त्यावरून कळेल.

ती वही मुलींच्या हाती द्या. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. दहावीनंतर लेकीनं विज्ञान मागितलं, तर नाही म्हणू नका.