घर आणि शाळा

शाळा सुटली म्हणजे शिक्षण थांबते असे नाही. माध्यमिक शाळेत विषय वाढतात आणि घरी करावयाचा अभ्यासही वाढतो. या अभ्यासाला निवांत जागा, ठराविक वेळ व पुस्तके लागतात. यांची तजवीज मुख्यतः घरालाच करावी लागते.

घर गरीब असले, तरी आईबाप हे कार्य कसे पार पाडू शकतात, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आढळते. भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एकाच खोलीत राहत असे. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजावयाची. कोपऱ्यात जाते, वर फळीवर सरपण आणि खोलीभर धूर! अशा ठिकाणी अभ्यास कसा व्हावा? वडील रामजी सुभेदार यांनी एक उपाय योजिला. मुलाला ते लवकर निजवीत व स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण निजत. सारी चाळ निद्राधीन असता भीमराव मिणमिणत्या दिव्यापुढे वाचीत बसत.

भीमरावांना पुस्तकांची फार आवड. रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. म्हणून हाती पैसा नसला, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलीचा दागिना गहाण ठेवून ते पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन मिळताच दागिना सोडवून परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले.

रामजी स्वतः शिकलेले होते. लष्करी शाळेत त्यांनी मुलांना शिकविलेही होते. सर्वच आईबाप शिकलेले नसतात. तथापि मुलाला जागा मोकळी करून देणे, घरकामातून तासभर सवड देणे, शिक्षकांना भेटून त्याची प्रगती विचारणे, यांपैकी कशालाही अक्षरओळख लागत नाही. शाळांतील पालक-शिक्षक संघ याच भेटीगाठींसाठी असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही आठवीपर्यंतच्या शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरविले आहे.

यात मुलांचाही वाटा आहे. शाळेतील हकीगत घरी मोकळेपणाने सांगितली, तरच आईबापांना मुलाची अडचण कळते. आणि मिळालेली सवड सार्थकी लावली, तरच त्यांचे कष्ट फळास येतात. रात्री दोन वाजता हाक मारण्याचे काम रामजींचे होते. उठून पुस्तक उघडण्याचे काम भीमरावांचेच होते.